सातबारा ते गेटपास : पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्याचा सामाजिक इतिहास

पुण्याच्या वायव्येला पवना आणि इंद्रायणीच्या खोऱ्यात पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, तळेगाव आणि चाकण असा पसरलेला पट्टा आज देशातल्या मोठ्या वाहननिर्मिती केंद्रांत गणला जातो. १९५० साली इथे हवेली, मावळ आणि खेड तालुक्यांतली शेतकरी गावे होती. ज्वारी-बाजरी सगळीकडे, मावळाच्या अंगाला भात, चाकणकडे कांदा-बटाटा. चिंचवडची ओळख मोरया गोसावींच्या समाधीमुळे होती, देहू-आळंदीची वारीमुळे, तर चाकणची संग्रामदुर्गामुळे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाच्या फौजेसमोर हा भुईकोट दीड महिन्याहून अधिक काळ लढवला होता. या गावांचे औद्योगिक शहर होण्याची प्रक्रिया जवळजवळ सर्वस्वी स्वातंत्र्योत्तर काळातली आहे, आणि तिची आखणी सरकारने केली. परकीय सत्ता गेल्यानंतर राज्यसंस्था, भांडवल, जमीन आणि श्रम यांचे नाते कसे बदलत गेले, हे या पट्ट्यात सलग पाहता येते.

या इतिहासाच्या मुळाशी एक अलिखित व्यवहार आहे. गावाने जमीन द्यायची आणि त्या बदल्यात पुढच्या पिढीला पक्की नोकरी, पक्के घर आणि शहराचे नागरिकत्व मिळायचे. पिंपरी-चिंचवडच्या पहिल्या पिढीत हा व्यवहार अर्धामुर्धा का होईना, पाळला गेला. चाकणच्या टप्प्यात जमीन घेण्याची बाजू तशीच चालू राहिली, नोकरीची बाजू मात्र सुटली.

वसाहतकाळाने मागे ठेवलेले

कारखाने येण्याआधी इथे रेल्वे आणि लष्कर आले. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि पुढे देहूरोडला लष्करी आगार आले. गावगाड्यात ज्यांच्या वाट्याला जमीन फारशी नव्हती आणि मान तर नव्हताच, त्या दलित कुटुंबांतल्या अनेकांना रोख पगाराची पहिली नोकरी या लष्करी कारखान्यांत मिळाली. अशाच वस्तीत, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची दीक्षा त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी झाली.

वसाहतकाळाने काही कायदेही मागे ठेवले. सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीने जमीन घेण्याचा १८९४ चा कायदा स्वतंत्र भारतात आणखी सहा दशकांहून अधिक काळ चालला. लष्करी ठाण्याभोवती बांधकामाला बंदी घालणारा १९०३ चा संरक्षण कामांचा कायदा आजही लागू आहे. १८९४ च्या कायद्याची धग पुणे जिल्ह्याने आधीच अनुभवली होती. टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातल्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तो अयशस्वी ठरला. पण खासगी कंपनीच्या नफ्यासाठी सरकारने शेतकऱ्याची जमीन का घ्यावी, हा प्रश्न त्यातून मराठी सार्वजनिक जीवनात कायमचा आला. त्याही आधी, १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीराव फुल्यांनी सरकार, नोकरशाही आणि शेतकरी यांच्यातले शोषणाचे नाते मांडले होते. या भागातल्या पुढच्या चिकित्सक विचाराला ही दुहेरी परंपरा मिळाली.

पेनिसिलिनपासून स्कूटरपर्यंत

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत पिंपरीत वसली. लोक तिला आजही पिंपरी कॅम्प म्हणतात. १९५४ मध्ये पिंपरीलाच हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही देशातली सार्वजनिक क्षेत्रातली पहिली औषध कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. नव्या राष्ट्राने परदेशी औषधांवर अवलंबून राहू नये, हा त्यामागचा हेतू होता. कारखान्याला लागून कामगारांची वसाहत, शाळा आणि मैदान होते. कारखाना म्हणजे उत्पादन आणि कल्याण दोन्ही, ही नेहरूकालीन कल्पना पिंपरीत विटा-मातीत उतरली.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुंबईत उद्योगांची दाटी नको, ते बाहेर पसरावेत, असे धोरण ठरले. १९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेले औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडची एमआयडीसी, हे त्या धोरणाचे साधन होते. पिंपरी-चिंचवडची जागा सगळ्या बाजूंनी सोयीची होती. मुंबई-पुणे रस्ता आणि रेल्वे दारात, कोयनेची वीज येऊ घातलेली, पवनेचे पाणी जवळ, पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण, आणि १९३४ पासून उद्योगांसाठी पाठपुरावा करणारे मराठा चेंबर. बजाज टेम्पो आणि बजाज ऑटो आकुर्डीला आल्या. दापोडी-चिंचवडच्या रस्त्याला स्वीडिश कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. १९६६ मध्ये सुमंत मूळगावकरांच्या नेतृत्वाखाली टाटा समूहाच्या टेल्कोने पुणे प्रकल्पाची सुरुवात केली. तिथे आधी यंत्रे बनवणारा विभाग आणि प्रशिक्षण केंद्र उभे केले गेले. मालमोटारी बाहेर पडू लागल्या त्या १९७७ मध्ये. खेड्यातल्या मराठी शाळेतून आलेला मुलगा या केंद्रात कुशल कारागीर झाला, आणि पुढे अशा अनेकांनी भोसरीत स्वतःचे लेथ मशीन टाकून मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवले.

हे सगळे परवान्यांच्या राजवटीत घडत होते. किती स्कूटर बनवायच्या, हे दिल्ली ठरवत असे. १९७२ पासून निघालेल्या बजाज चेतकसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबे. स्पर्धा नसल्याने कंपनीला खात्रीचा बाजार होता, आणि संघटित कामगाराला त्या खात्रीचा वाटा मागता येत होता.

जमीन कशी गेली

या पट्ट्यातल्या अनेक कुटुंबांना जमिनीची मालकीच मुळी नवी होती. १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणारी कुळे कायद्याने मालक झाली. पुढच्या पाच-दहा वर्षांतच त्या मालकीवर संपादनाची नोटीस आली. एका कायद्याने दिलेली जमीन दुसऱ्या कायद्याने परत घेतली, असा अनुभव काही घरांना एकाच पिढीत आला.

संपादनाची रीत सातबाऱ्यावर वाचता येते. सरकार राजपत्रात एखादे क्षेत्र औद्योगिक म्हणून जाहीर करते. मग जमीनमालकाला १९६१ च्या अधिनियमाच्या कलम ३२ खाली नोटीस येते, आणि उताऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात संपादनाचा शेरा पडतो. गावकरी त्याला ‘शिक्का’ म्हणतात. शिक्का पडला की बँक कर्ज द्यायला कचरते, खरेदीदार पाठ फिरवतो, विहीर पाडायची की नाही याचा निर्णय लांबतो. जमीन प्रत्यक्ष ताब्यात घ्यायला कित्येक वर्षे लागतात, कधी ती घेतलीच जात नाही. तोवर शेतकरी कागदावर मालक असतो आणि व्यवहारात अडकलेला. ‘शिक्के काढा’ ही या भागातली जुनी मागणी त्यामुळे जमीन वाचवण्याइतकीच अनिश्चितता संपवण्याची मागणी आहे.

मोबदला उताऱ्यावर नाव असलेल्याला मिळाला. त्याच शेतात राबणारा भूमिहीन मजूर, बलुतेदार, डोंगरकडेला राहणारा ठाकर किंवा कातकरी, यांचे नाव कुठल्याच रकान्यात नव्हते. स्त्रियांचे नाव असले तरी ते टिकवणे अवघड होते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. नेमक्या याच काळात जमिनीचे भाव चढत होते. माहेरच्या जमिनीला गिऱ्हाईक आले की बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जात. साडीचोळी होई, भाऊबीज टिके आणि कायद्याने दिलेला वाटा नोंदणी कार्यालयात सोडला जाई. भूसंपादनाच्या इतिहासात बहिणींच्या या सह्यांची दखल फार कमी घेतली गेली आहे.

कामगारांच्या घरांसाठीही जमीन लागली. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडी, आकुर्डी, रावेत, थेरगाव, रहाटणी, वाकड, मोशी, चिखली अशा गावांच्या जमिनी त्याच्या आखणीत आल्या. ‘प्राधिकरण’ म्हटले की निगडीचे रुंद रस्ते आणि सेक्टर डोळ्यांसमोर येतात, पण आखलेल्या क्षेत्रातली बरीच जमीन कधी पूर्ण ताब्यात आली नाही. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. प्राधिकरणाच्या सुरुवातीच्या वर्षांत जमिनी दिलेल्या कुटुंबांनी हाच साडेबारा टक्के परतावा अनेक दशके मागितला. २०२१ मध्ये प्राधिकरण विलीन झाले, तेव्हाही हा प्रश्न पुरता मिटलेला नव्हता.

परमनंट

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी यांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली. तिच्या स्थापनेत अण्णासाहेब मगर यांचा पुढाकार होता. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर आणि नगरकडची माणसे शहरांकडे ढकलली. त्यांतले अनेकजण इथे स्थिरावले. कोकण, सातारा आणि खानदेशातून आलेल्यांनी आपापली मंडळे स्थापन केली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाखांवर गेली, २००१ मध्ये १० लाखांवर आणि २०११ मध्ये १७ लाखांवर.

या शहराच्या पहिल्या पिढीचा नायक ‘परमनंट’ कामगार होता. लग्नाच्या बाजारात ‘मुलगा टेल्कोत परमनंट आहे’ एवढे वाक्य पुरे असे. कंपनीची बस, कँटीनमधले स्वस्त जेवण, भविष्यनिर्वाह निधी, सोसायटीचे कर्ज आणि दर तीन वर्षांनी होणारा वेतनकरार यांवर घर उभे राहत असे. त्याला कायद्याचे बळ होते. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कामगार संघटना मान्यता कायद्याने मान्यताप्राप्त युनियनला वाटाघाटीचा हक्क दिला. शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेला कारखाना सरकारी परवानगीशिवाय बंद करता येत नव्हता. आदर्श स्थायी आदेशांनुसार वर्षात २४० दिवस सलग भरणारा तात्पुरता कामगार कायम होण्याला पात्र ठरे.

हे नागरिकत्व मर्यादित होते. ते बहुतेक पुरुषांचे होते, आणि मोठ्या कंपनीच्या गेटच्या आतले होते. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमधला मुलगा, झोपडपट्टीतली घरकामगार बाई, बांधकामावरचा मजूर, यांच्यासाठी यातले काहीच नव्हते. पुण्याच्या झोपडवस्त्यांवर मीरा बापट यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास औद्योगिक वाढ आणि घरांची टंचाई या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू असल्याचे दाखवतो. त्याआधी धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने गोखले संस्थेने १९४५ आणि १९५२ मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी दोन खंडांत प्रसिद्ध केली होती. घरोघर जाऊन जात, धंदा, कर्ज आणि खोल्यांची संख्या नोंदवायची, ही गाडगिळांची रीत पुढच्या अभ्यासकांच्या कामाचा पाया ठरली.

चाकणचा कांदा आणि ‘भारत-इंडिया’

पिंपरीत स्कूटरसाठी रांगा लागत होत्या, त्याच काळात वीस-पंचवीस किलोमीटरवर चाकणच्या बाजारात कांद्याला भाव मिळत नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून आलेले शरद जोशी यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती सुरू केली. ‘अंगारमळा’ या त्यांच्या शेतावरच्या जमाखर्चाने त्यांना एक गोष्ट शिकवली. सगळे नीट केले तरी शेतीत तोटाच येतो, आणि तो शेतकऱ्याच्या आळसाने किंवा अडाणीपणाने येत नसून भाव पाडण्याच्या धोरणाने येतो. १९७८ पासून चाकणला कांद्याच्या भावासाठी आंदोलने झाली. नाफेडने किमान भावाने खरेदी करावी, ही मागणी होती. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली आणि चाकणहून ‘वारकरी’ हे साप्ताहिक निघू लागले. जानेवारी १९८० मध्ये भामा खोऱ्याच्या टोकावरच्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत पक्क्या रस्त्यासाठी ६४ किलोमीटरचा मोर्चा निघाला. त्यात स्त्रियांचा सहभाग लक्षणीय होता.

या अनुभवातून जोशींनी ‘भारत विरुद्ध इंडिया’ ही मांडणी केली. दादाभाई नौरोजींनी भारतातून ब्रिटनकडे वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला होता. जोशींच्या मते गोरा इंग्रज गेल्यावर हा ओघ थांबला नाही, त्याची दिशा फक्त बदलली. खेड्यांतल्या ‘भारता’ची लूट शहरी ‘इंडिया’कडे जाऊ लागली. कच्चा माल स्वस्त ठेवायचा, निर्यातीवर बंदी घालायची आणि शहरातली मजुरी आटोक्यात ठेवायची, हे त्याचे तंत्र. जवळपास त्याच सुमारास, १९७७ मध्ये, मायकेल लिप्टन या अर्थशास्त्रज्ञाने गरीब देशांची धोरणे शहराच्या बाजूने झुकलेली असतात, असा सिद्धांत मांडला होता. आफ्रिकेत क्वामे एन्क्रुमांनी १९६५ मध्ये नववसाहतवादाची चर्चा केली, ती बाहेरच्या भांडवलाच्या संदर्भात. चाकणच्या मांडणीने अंतर्गत वसाहतीकडे बोट दाखवले, आणि हे तिचे स्वतंत्र योगदान आहे.

तिच्या मर्यादाही अभ्यासकांनी दाखवल्या. ‘भारता’च्या आत जमीनदार आणि मजूर, सवर्ण आणि दलित, पुरुष आणि बाई यांचे हितसंबंध एक नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम हाती घेऊन शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितले. एका बाजूला ही मोहीम आणि दुसऱ्या बाजूला हक्कसोडपत्रे, असे दोन प्रवाह ग्रामीण महाराष्ट्रात शेजारी-शेजारी वाहत राहिले.

१९८९ : टेल्कोचा संप

परमनंट कामगाराच्या युगाला पहिला मोठा तडा टेल्कोत गेला. कंपनीने कामावरून काढलेले राजन नायर टेल्को कामगार संघटनेचे नेते झाले. १९८८-८९ मध्ये वेतनकरार आणि संघटनेची मान्यता यांवरून संघर्ष पेटला. डिसेंबर १९८८ मध्ये टेल्कोची सूत्रे रतन टाटांकडे आली होती. सप्टेंबर १९८९ मध्ये हजारो कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले. २९ सप्टेंबरला, दिवस उजाडायच्या आत, पोलिसांनी त्यांना उचलून बसगाड्यांतून हलवले. संप मोडला आणि प्रतिस्पर्धी संघटनेशी करार झाला.

या घटनेचे महत्त्व एका कंपनीपुरते नाही. मुंबईच्या गिरणी संपानंतर सात वर्षांनी, नव्या आणि कुशल उद्योगातही कामगारांची एकजूट राज्यसंस्थेच्या बळाने मोडता येते, हे सिद्ध झाले. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, आर्थिक उदारीकरण आले.

चाकण : दुसरा टप्पा

उदारीकरणानंतर कारखान्यांचा ओढा पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणकडे आणि मावळात तळेगावकडे वळला. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, सावरदरी, वराळे, भांबोली, खालुंब्रे या गावांतल्या जमिनी टप्प्याटप्प्याने संपादित झाल्या. बजाज ऑटोचा चाकण कारखाना उभा राहिला. पिंपरीत टेल्कोच्या आवारात गाड्या जोडणारी मर्सिडीज-बेंझ २००९ मध्ये चाकणला गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा आणि पुढच्या वर्षी महिंद्राचा कारखाना सुरू झाला. २००७ मध्ये आकुर्डीच्या बजाज कारखान्यातले उत्पादन थांबले. जुन्या पट्ट्यातून नव्या पट्ट्यात यंत्रे गेली, पण जुन्या कामगाराचे हक्क त्यांच्याबरोबर गेले नाहीत.

चाकणमध्ये मोठ्या कंपनीच्या आत मोजके कायम कामगार असतात. बाकीचे ठेकेदाराचे, ट्रेनी, अ‍ॅप्रेंटिस किंवा ‘कमवा आणि शिका’ योजनेतले. २०१३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आणलेल्या ‘नीम’ योजनेत उत्पादन करणारा तरुण कायद्याने कामगार न ठरता प्रशिक्षणार्थी ठरला. ठेकेदाराच्या कामगाराला सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ दिला जातो, म्हणजे २४० दिवस भरतच नाहीत. मग नवा ठेकेदार, नवा गेटपास, तेच मशीन. राहायला महाळुंगे किंवा खराबवाडीत एका खोलीत पाच-सहा जण, ‘कॉट बेसिस’वर. एक फर्स्ट शिफ्टला उठतो, तेव्हा थर्ड शिफ्टचा त्याच गादीवर येऊन झोपतो. ही खोली बहुतेक वेळा जमीन गेलेल्या शेतकऱ्याने मोबदल्याच्या पैशांतून बांधलेली असते. म्हणजे जमिनीचा जुना मालक घरमालक झाला, आणि लातूर, परभणी, बिहार किंवा ओडिशाहून आलेला शेतकऱ्याचा मुलगा त्याचा भाडेकरू.

कारखान्याच्या आतही प्रतिकार थांबला नाही. जून ते ऑगस्ट २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात सुमारे ५० दिवस काम बंद राहिले. कामगारांना सवलतीच्या दराने कंपनीचे समभाग मिळावेत, ही तिथली एक मागणी होती. ती मान्य झाली नाही, पण पगारापलीकडे जाऊन मालकीचा वाटा मागणारी ही मागणी या पट्ट्यात नवी होती. तळेगावला २००८ मध्ये सुरू झालेला जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या डिसेंबरमध्ये बंद पडला. २०२३ मध्ये तो विकत घेण्याचा करार ह्युंदाईने केला. जमीन, शेड आणि यंत्रे यांना नवा मालक मिळाला, जुन्या कामगारांना मात्र न्यायासाठी भांडत राहावे लागले.

शहराचे राजकारण

जमीन गेलेल्या पण मोबदला आणि स्थानिक वजन असलेल्या घरांनी नवे व्यवसाय उभारले: खोल्या भाड्याने देणे, पाण्याचे टँकर, कामगारांच्या बसगाड्या, माती-मुरूम, भंगार आणि मजूर पुरवण्याचे ठेके. गावकी-भावकीचे राजकारण या पैशांवर महापालिकेत पोचले. जकातीमुळे ही महापालिका देशातल्या श्रीमंत महापालिकांत गणली जाई. एप्रिल २०१३ मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला आणि पुढे तोही गेला. अनेक वर्षे काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या हाती असलेली महापालिका २०१७ मध्ये भाजपकडे गेली, तेव्हाही नेतृत्व बरेचसे याच घराण्यांतून आले. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये आलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली. शेती गेलेल्या गावांत घाटांवर पुन्हा गर्दी लोटली. जमीन राहिली नाही तरी गावाची प्रतिष्ठा आणि राजकीय वजन दाखवण्याचे ठिकाण टिकून राहिले.

ज्यांच्याकडे ना मोबदला होता ना परमनंट नोकरी, त्यांनी गुंठा-दीड गुंठा घेऊन परवानगीशिवाय घर बांधले. महापालिकेने त्यावर शास्तीकर लावला. मूळ मिळकतकराच्या दुप्पट असलेली ही शास्ती अनेक निवडणुकांचा मुद्दा झाली आणि २०२३ मध्ये माफ झाली. देहूरोडच्या लष्करी आगाराभोवतीच्या ‘रेड झोन’मध्ये मात्र १९०३ च्या कायद्याची सावली अजून आहे. राज्यशास्त्रज्ञ पार्थ चॅटर्जी यांनी ‘राजकीय समाज’ या संकल्पनेत हेच सांगितले. वसाहतवादातून बाहेर पडलेल्या देशांत बहुसंख्य गरीब माणसे कायद्याच्या हक्काने जगत नाहीत. सरकारशी तडजोड करून, अपवाद मिळवून जगतात. कल्याण सन्याल यांनी त्याला अर्थशास्त्राची बाजू जोडली. जमीन घेताना भांडवल ज्यांना उखडते त्या सगळ्यांना ते कारखान्यात सामावून घेत नाही, उरलेल्यांच्या पोटापाण्याची सोय कशीबशी राज्यसंस्थेला करावी लागते.

ती सोय किती कच्ची आहे, हे अधूनमधून दिसते. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे इथे वाढदिवसाच्या शोभेच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना शेडमध्ये आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या अनेक स्त्रिया दगावल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामे आणि लघुउद्योगांची हजारो बांधकामे महापालिकेने पाडली. या पट्ट्यातल्या कारखान्यांचे टाकाऊ लोखंड, प्लास्टिक आणि लाकूड तिथेच वेचले, तोडले आणि पुन्हा बाजारात आणले जात असे.

पाण्यावरूनही गाव आणि शहर समोरासमोर आले. पवना धरणातून बंद जलवाहिनीने शहराला पाणी नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. योजना वर्षानुवर्षे थांबली. खेड तालुक्यात भामा-आसखेडच्या विस्थापितांनीही धरणाचे पाणी पुण्याला जाण्याआधी आपल्या पुनर्वसनाचा हिशेब मागितला. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला चाकणमध्ये हिंसक वळण लागून बसगाड्या जळाल्या. त्यामागे अनेक कारणे होती. तरी दारातल्या कारखान्यात कायम नोकरी मिळत नाही आणि तुकडे झालेली शेती पुरत नाही, ही दोन्ही दुखणी या भागात एकत्र नांदत होती, हे नाकारता येत नाही.

हिशेबाची बाकी

या इतिहासाला यशाची बाजू आहे, आणि ती लहान नाही. पेनिसिलिनपासून मोटारीपर्यंत तंत्रज्ञान इथे रुजले. दुष्काळी भागातून आलेल्या हजारो कुटुंबांची दुसरी पिढी शिकली. जातीच्या धंद्यात अडकलेल्यांना यंत्रावरचे कौशल्य मिळाले. ज्या कारखान्याने सुरुवात केली, त्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची जास्तीची जमीन विकण्याचा निर्णय मात्र डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा तिथल्या कामगारांचे पगार थकले होते. राष्ट्राच्या स्वावलंबनासाठी घेतलेली जमीन देणी भागवण्याची मत्ता झाली.

आज या पट्ट्यात दोन मागण्या चालू आहेत. खेडच्या विशेष आर्थिक क्षेत्रातले शेतकरी १५ टक्के विकसित जमिनीचा परतावा मागतात आणि चाकणच्या पुढच्या टप्प्यांतली गावे शिक्क्यांना विरोध करतात. दुसरीकडे कंत्राटी कामगार समान कामाला समान वेतन आणि कायम होण्याचा हक्क मागतात. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने कारखाना बंद करण्यासाठी परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेल्याने ही दुसरी मागणी आणखी अवघड झाली आहे. शेतकऱ्यांच्या बैठका गावच्या मंदिरात होतात, कामगारांच्या कंपनीच्या गेटवर, आणि त्या क्वचितच एकत्र येतात. पण सातबाऱ्यावरचा शेरा आणि सहा महिन्यांचा गेटपास एकाच धोरणातून आले आहेत. भूसंपादनाच्या मोबदल्यात रोजगाराचा प्रकार, बहिणींचा वाटा, भूमिहीनांचे नुकसान आणि पाण्याचा हक्क धरला गेल्याशिवाय या पट्ट्याच्या विकासाची किंमत खरी मांडली जाणार नाही.